मागच्या डाव्या टायरचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. आता मी कोणत्याच गाडीला नाही. टायरच्या एका दुकानात, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या एका कुशीत हात जाईल एवढे भगदाड आहे आणि त्यातून आतले धागे लोंबतात. कुणी गिऱ्हाईक "चालेल हो अजून थोडे दिवस" असे म्हणाले की दुकानदार त्याला माझ्यापाशी आणतो.

"घाला, हात घाला आत. आता चावत नाही तो."

गिऱ्हाईक हसत हसत हात घालते. मग त्याचे हसणे थांबते.

दुकानदार माझी गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. "टायरला फुगा आला होता. घरच्यांनी चालवला." त्याचे काही चुकत नाही. पण त्या घरात सगळी शहाणी माणसे होती, एकमेकांना जपणारी माणसे होती, हे त्या दोन वाक्यांत येत नाही. म्हणून मी तुम्हाला सगळेच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. टायर म्हणजे नुसते रबर असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. माझ्या पोटात बारीक धाग्यांचे थर आहेत, तुमच्या अंगात शिरा असाव्यात तसे. ओझे ते धागे पेलतात. रबर त्यांना फक्त झाकून ठेवते. मला साच्यात घालून तापवले, दाबले आणि अंगावर नक्षी उमटवली. तपासणीच्या टेबलावर एक बाई होती. ती प्रत्येक टायरच्या आतून हात फिरवायची. माझ्या आधीचा टायर तिने बाजूला सारला. तो माझ्याहून चकचकीत होता.

"अहो बाई, काय वाईट आहे त्यात?" तिच्या शेजारच्या कामगाराने विचारले.

"मला पटत नाही," ती म्हणाली. बस, एवढेच. तो टायर गेला तुकडे करायला. मला ती तेव्हा फार कठोर वाटली होती.

मी एका निळ्या छोट्या गाडीला लागलो, मागच्या डाव्या बाजूला. गाडीचे मालक नकाशे काढायच्या कचेरीत काम करत. त्यांची बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासायची. त्यांची मुलगी मी आलो तेव्हा दोन वर्षांची होती. अंगाने लहानखुरी, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणायचे. तिची खुर्ची बरोबर माझ्या डोक्यावर होती. तिच्या टाचा पुढच्या सीटवर आपटत राहायच्या आणि तो ठेका माझ्यापर्यंत यायचा. तिची गाणी मला पाठ होती. ती झोपली की तेही मला कळायचे.

आणि घरात अण्णा होते, मालकांचे वडील. बत्तीस वर्षे त्यांनी बस चालवली होती. एकदाही अपघात नाही. बसच्या मागे दोन दोन चाके जोडीने असतात, त्यातले आतले चाक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ड्रायव्हर सकाळी निघण्याआधी लाकडी दांडक्याने टायर ठोकतात. हवा भरपूर असली की टायर टणटण बोलतो. हवा कमी असली की आवाज बसतो. अण्णा निवृत्त झाले तरी त्यांचे दांडके निवृत्त झाले नाही. रोज सकाळी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे. आम्हा चौघांना एकेक ठोका द्यायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे.

"हं. बोलला. तू? तूही बोललास. शाबास!"

मित्रांनो, ती शाबासकी मला फार आवडायची. गल्लीतली माणसेही आपापल्या गाड्या अण्णांकडे आणायची. समोरचा शिंपी म्हणायचा, "अण्णा, टायर ठोकताच आहात, तर आमच्या मेहुण्याचं डोकंही ठोकून बघा. हवा जास्त झालीय." अण्णा पोट धरून हसायचे. एकदा त्यांनी नुसत्या आवाजावरून एका रिक्षाच्या चाकात घुसलेला खिळा सांगितला होता. तेव्हापासून अण्णांनी "ठणठणीत" म्हटले की त्यावर कुणी बोलत नसे.

वर्षभर असे गेले. मग काहीतरी बदलू लागले, आणि ते सगळ्यांच्या आधी आम्हा चार टायरांना कळले.

अण्णा ठोका मारल्यावर पूर्वीसारखे थांबेनात. आधी ते जास्त वाकू लागले, कान अगदी जवळ आणू लागले. नंतर वाकणेही बंद झाले. ठोका पडायच्या आतच "बोलला!" असे म्हणून पुढच्या टायरकडे जायचे. शिंप्याने विनोद केला की ते आधी इतरांच्या तोंडाकडे बघायचे आणि सगळे हसले की त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचे. त्यांना ऐकू येईनासे झाले होते. दांडके मात्र त्यांनी सोडले नाही.

टिल्लीच्या आईच्याही ते लक्षात आले होते. तिचे कामच तसले. काचेवरचा एवढासा ठिपका पाहून, हा असायला नको होता, असे म्हणायचे. दाराची घंटा वाजली तरी अण्णा वर्तमानपत्रातून मान वर करत नाहीत. त्यांना पाठीमागून हाक मारली तर उत्तर येत नाही, समोरून मारली तर येते. एकदा कचेरीतून परतताना तिने गाडीत नवऱ्याजवळ विषय काढला.

"अण्णांना कमी ऐकू येतंय हो. एकदा कान दाखवूया का?"

"लक्ष नसतं त्यांचं. वय झालंय."

"लक्ष नसणं वेगळं आणि—"

"हे बघ, त्यांना असलं काही बोलू नकोस. आई गेल्यापासून ते दांडकं हातात आहे म्हणून उभे आहेत ते. फार लागेल त्यांना."

मागून टिल्ली म्हणाली, "मी तर आधी अण्णांची बाही ओढते. मग बोलते. मग त्यांना ऐकू येतं."

"असं बोलू नये मोठ्यांबद्दल," आईबाबा दोघेही एकदमच म्हणाले.

टिल्ली सहा वर्षांची झाली त्या वर्षीची ही गोष्ट. शाळेपुढचा रस्ता नळ टाकायला खणला होता. एका सकाळी उशीर झाला म्हणून मालकांनी गाडी जोरात कडेला घेतली आणि मी दगडी कठड्यावर आदळलो. गाडीतल्यांना एक धक्का बसला, एवढेच. टिल्लीच्या हातातली पाण्याची बाटली पडली. ती म्हणाली, "बाबा, परत करा ना!" आणि सगळे हसले.

माझ्या पोटात मात्र आठ-दहा धागे तटातट तुटले होते.

वरून काही दिसत नव्हते. रबर सगळे झाकून घेते, हे मी तुम्हाला सांगितलेच. पण धागे तुटले तिथे आतली हवा रबराला बाहेर ढकलू लागली. आठवड्याभरात माझ्या कुशीवर घेवड्याच्या दाण्याएवढा फुगा आला. शिवाय त्या आदळण्याने चाकाची लोखंडी कड किंचित वाकली होती. तिथून हवा निसटत होती, इतकी हळू की पंप मारणाऱ्यालाही शंका येऊ नये. हवा कमी झाली की टायर दबतो. दबला की तापतो. तापला की उरलेले धागेही एकेक करून हात टेकू लागतात. हे सगळे माझ्या पोटात रोज थोडे थोडे होत होते.

बुधवारी सकाळी टिल्लीला खुर्चीत बसवून पट्टा लावताना आईची नजर खाली गेली. ती तिथेच उकिडवी बसली. फुग्यावरून तिने बोट फिरवले, मग पुन्हा फिरवले.

"अहो, हे बघा बरं काय आहे. टायरला गाठ आल्यासारखी वाटतेय."

मालक घड्याळ बघत आले. "कुठेय? हे होय? रबर असतं गं असं कुठे कुठे."

"कालपर्यंत नव्हतं."

"काल तू बघितलं होतंस?"

"रोज बघते मी," ती म्हणाली. हे खरे होते. ती रोज बघायची.

तेवढ्यात अण्णा दांडके घेऊन आले. सुनेला माझ्यापाशी बसलेली पाहून त्यांना काय झाले असेल याचा अंदाज आला. "सरक बाळ, बघू दे मला," असे म्हणून त्यांनी तीन टायरांना एकेक ठोका दिला. टण. टण. टण. मग माझी पाळी आली.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्याजवळ होता तो एवढाच एक आवाज. मी तो दिला. टण नाही, मी "भद्" असा वाजलो, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. याहून स्पष्ट सांगणे टायरला शक्य नाही.

"ठणठणीत!" अण्णा म्हणाले. "अजून वर्षभर मरण नाही त्याला."

टिल्लीच्या आईने चटकन वर पाहिले. तिने ऐकले होते. तीन आवाज एकसारखे आणि चौथा वेगळा, हे तिच्या कानांना नेमके कळले होते. मला वाटले, सुटलो.

"अण्णा, ह्याचा आवाज जरा वेगळा नाही का आला? बसका?"

अण्णांना तिचे शब्द ऐकू आले नाहीत. पण तिच्या तोंडावरची शंका त्यांना दिसली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"बत्तीस वर्षं साठ-साठ माणसं घेऊन घाट उतरलो मी! आता मला टायर कळत नाही?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला—"

"अगं पुरे ना," मालक हळूच म्हणाले. "सकाळी सकाळी कशाला? त्यांनी बघितलंय ना? आणि तुला इतकंच वाटत असेल तर रविवारी दुकानात नेऊन दाखवतो. झालं?"

"आज नाही का जमणार?"

"त्यांच्या देखत दुकानात नेऊ? मग त्यांनी ठोकून बघितलं त्याचा काय उपयोग?"

बुधवार ते रविवार, म्हणजे चार दिवस. तिने सासऱ्यांकडे पाहिले. ते दुसरीकडे तोंड करून दांडके फडक्याने पुसत होते. ती उठली. "बरं," म्हणाली.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी कुणाचे लक्ष नसताना ती खाली आली. पुन्हा माझ्यापाशी बसली. तिने फुग्यावर अंगठा दाबला, मग बाजूच्या टायरवर दाबून पाहिला. मग ती उठून उभी राहिली आणि मागचे दार उघडून टिल्लीच्या खुर्चीचे पट्टे सोडवू लागली. खुर्ची तिने डावीकडून काढली आणि उजवीकडे बसवली. पट्टे दोनदा ओढून बघितले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारले, "आता काय, संगीत खुर्ची?"

"सकाळचं ऊन येतं तिच्या डोळ्यांवर," ती म्हणाली.

ती खोटे बोलली, मित्रांनो. अण्णांचे मन दुखावू नये आणि लेक माझ्यावर बसू नये, दोन्ही साधावे म्हणून. आणि डावीकडे, माझ्या डोक्यावर, ती स्वतः बसली. टिल्लीच्या टाचांचा ठेका आता मला दुरून येऊ लागला. तिच्या आईचे मात्र पाय जमिनीला घट्ट टेकलेले असायचे. प्रत्येक वळणावर ती खाली कान देऊन असायची.

गुरुवार गेला. शुक्रवार उजाडला. अण्णांनी ठोका दिला, मी पुन्हा भद् वाजलो, अण्णा म्हणाले, "बोलला!" टिल्लीची आई त्या वेळी डबा भरत होती. ती तिथे असती तरी काय केले असते, मला माहीत नाही.

मालक गाडी चालवत होते. अण्णा त्यांच्या शेजारी होते. टिल्लीच्या वर्गात त्या दिवशी कविता म्हणायची होती आणि ती तिची उजळणी करत होती. चौथी ओळ ती सारखी विसरायची. पुलाचा चढ संपला, उतार लागला आणि गाडीने वेग घेतला. मी आतून पेटल्यासारखा तापलो होतो. एकेक धागा जात होता. मी थरथरलो. गाडीही थरथरली.

"अहो, हे कसलं हादरणं? थांबवा गाडी," मागून आई म्हणाली.

"पुलावर कुठे थांबवू? खाली उतरल्यावर बघतो."

टिल्ली म्हणाली, "आई, चौथी ओळ काय गं?"

आणि मी फुटलो.

गाडीची पाठ एका बाजूला फेकली गेली. अण्णा ओरडले, "ब्रेक नको! ब्रेक नको मारू! हळू सोड!" ते अगदी बरोबर सांगत होते. त्यांच्या बत्तीस वर्षांनी त्या क्षणी काहीही चूक केली नाही. पण घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेकवरच जातो. गाडी गरकन फिरली आणि पुलाच्या दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली.

मी फुटलो डाव्या बाजूला. खांब लागला तो उजव्या बाजूच्या मागच्या दाराला.

आईला खरचटलेसुद्धा नाही.

पुढचे मी इतरांच्या बोलण्यातून ऐकले. मोडकी गाडी ओढून आणून टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ठेवली होती. दार आत चेपले गेले होते आणि टिल्लीच्या उजव्या पायावर आले होते. तीन वेळा शस्त्रक्रिया झाली. पाय राहिला. पण गुडघा यापुढे वाकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. शुद्धीवर आल्यावर तिने विचारले होते, "माझी कविता राहिली का?"

लोक येत, गाडी बघत आणि म्हणत, "टायरने दगा दिला हो." मित्रांनो, अंग फाटल्याचे मला एवढे दुःख झाले नाही जेवढे त्या वाक्याचे झाले. मी दगा दिला नाही. मी पुन्हा पुन्हा सांगितले होते. पण माझी बाजू मांडणार कोण? आणि मांडून तरी काय, त्या गुडघ्याला त्याचा काय उपयोग?

तीन आठवड्यांनी तिघे गाडीतले सामान न्यायला आले. टिल्लीची एक चप्पल सीटखाली राहिली होती. दुकानदाराने मला चाकावरून उतरवले होते. त्याने माझी फाटलेली कूस उलगडून दाखवली.

"हे बघा. धागे एका दिवसात तुटलेले नाहीत. बरेच दिवस हवा कमी होती. वरून फुगा आला असणार. आला होता ना?"

टिल्लीच्या आईने होकारार्थी मान हलवली.

"आणि ठोकून बघणाऱ्याला तर लगेच कळतं. आवाज बसतो," दुकानदार म्हणाला. अण्णांची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

"काय?" अण्णांनी विचारले.

"आवाज बसतो म्हटलं, आजोबा."

"काय म्हणालात?"

दुकानदाराने तोंड उघडले, पण टिल्लीची आई मध्ये आली. ती अण्णांच्या समोर उभी राहिली, तिचे ओठ त्यांना नीट दिसतील अशी. मालक म्हणाले, "नको, आत्ता नको." तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही. मला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. त्या बुधवारी ह्या टायरचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. तरी मी 'बरं' म्हणाले."

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या भगदाडात हात घातला आणि तुटके धागे मुठीत धरले.

"मलाही माहीत होतं, बाळ," ते म्हणाले. "तीन वर्षं."

मालक चेपलेल्या दारापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ती छोटी चप्पल होती. दुकानदार उगाचच नट-बोल्टचे पाने गोळा करू लागला.

जाताना आईने दुकानदाराला विचारले, "ह्याचं आता काय करणार?"

"भंगारात जाईल."

"नका देऊ. भिंतीवर लावा. कुणी 'चालेल' म्हणालं की दाखवा."

म्हणून मी इथे आहे. टिल्ली मला दिसत नाही. परवा शिंपी पंक्चर काढायला आला होता, तो सांगत होता की ती कुबडी घेऊन शाळेत जाते, मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून इतर मुलींचा लंगडीचा डाव मोजते आणि कुणी रडीचा डाव खेळला की तिथूनच ओरडते. अण्णा आता कानाला यंत्र लावतात. त्यांना आता सगळे ऐकू येते. कुबडीचा आवाजही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला माझ्यासारखे चार भाऊ असतील. त्यांच्याकडे जाता येता बघत जा. कुशीवर फुगा दिसला, चीर दिसली, धागा बाहेर आलेला दिसला, तर तो टायर संपला. त्याला ठिगळ लागत नाही, तो फिरवून दुसऱ्या बाजूला लावून चालत नाही, तुम्ही जागा बदलून बसलात म्हणूनही चालत नाही. त्याच दिवशी गाडी थांबवायची. रविवारची वाट बघायची नाही.

आणि तुम्ही लहान आहात म्हणून हेही सांगतो. मोठ्या माणसांना जे दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा दिसून-ऐकूनही बोलवत नाही, ते पुष्कळदा तुम्हाला कळलेले असते. ते बोला. मोठी माणसे गप्प बसवतील, म्हणतील, 'असं बोलू नये.' तेव्हा पुन्हा बोला. ते रागावतील.

रागावू द्या.